बेट्टाच्या छोट्या टाकीत सोबती निवडताना

बेट्टा या शोभेच्या, झुंजार माशाला सोबतीची गरज नसते. नर बेट्टा एकटा राहिला म्हणून खंगत नाही. आपल्या हद्दीत कोणी येत नाही, यातच तो निवांत असतो. टाकीत आणखी थोडी हालचाल असावी, तळाशी कोणीतरी वाळू चाळत फिरावे, काचेवरचे शेवाळ कोणीतरी खावे, ही हौस आपली असते. हे मनाशी स्पष्ट झाले, तेव्हा माझ्या शोधाची दिशाच बदलली. बेट्टासोबत कोणते मासे चालतात, हा प्रश्न मागे पडला आणि माझ्या टाकीतला हा बेट्टा कोणाला चालवून घेईल, शिवाय जो येईल त्याचे आयुष्य त्या टाकीत नीट जाईल का, हा प्रश्न पुढे आला. त्याचे उत्तर शोधताना काय काय पाहिले, काय नाकारले आणि शेवटी कोणाला आणले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

बेट्टा स्प्लेंडेन्स हा मूळचा थायलंडचा मासा. चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातली भातखाचरे, दलदली आणि गवताने भरलेले उथळ, संथ पाणी हे त्याचे घर. चार्ल्स टेट रीगन यांनी १९१० साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. मात्र माणसाने त्याला पाळायला सुरुवात केली ती त्याच्या कितीतरी आधी. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासातून ही पाळणूक किमान हजार वर्षांची असावी, असे दिसून आले. झुंजींसाठी चिवट आणि तापट नर निवडायचे आणि त्यांचीच पैदास करायची, असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, आणि तो तापटपणा आज शोभेसाठी वाढवलेल्या बेट्टातही उतरलेला असतो. तरीही मोकळ्या पाण्यात दोन नर समोरासमोर आले, तर पुष्कळदा कल्ल्यांची झाकणे ताठ करून आणि पर फुलवून धाक दाखवण्यावरच निभावते. कमी पडलेला नर गवतात शिरतो आणि दिसेनासा होतो. काचेच्या टाकीत त्याला शिरायला गवत नसते आणि जायला दुसरे पाणी नसते. म्हणूनच येणाऱ्या प्रत्येक जिवाला बेट्टाच्या नजरेआड होता आले पाहिजे, ही माझी पहिली अट ठरली, आणि पुढचे सगळे निर्णय मी याच अटीवर तपासले.

सर्वांत आधी मी माझ्या बेट्टाचा स्वभाव पाहिला, कारण एका बेट्टाचा अनुभव दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. एखादा नर लहान माशांच्या थव्याकडे ढुंकूनही पाहत नाही, तर एखादा तळावरच्या गोगलगायीलाही सोडत नाही. माझा बेट्टा हाफमून जातीचा, गडद निळा, अर्धवर्तुळासारखी उघडणारी जड शेपटी असलेला आहे. अशा लांब परांच्या नराला वेगाने वळता येत नाही. थोडे पोहून तो पानावर टेकून विसावतो. आखूड परांचा प्लाकट याच्या उलट चपळ असतो, आणि मनात आणले तर लहान माशाला गाठूही शकतो. त्यामुळे माझ्याकडे धोका दोन्ही बाजूंनी होता. बेट्टा इतरांना मारील का, हे पाहायचे होतेच. परंतु इतरांनी त्याच्या शेपटीचे लचके तोडू नयेत, हेही तितक्याच काळजीने पाहायचे होते.

काही आठवडे मी त्याच्या हालचालींवर लक्ष ठेवले. टाकीत नळी किंवा चिमटा घातला की तो जवळ येतो का, आला तर चावतो का, आणि चावून झाल्यावर तिथेच घुटमळतो की निघून जातो, हे पाहिले. काचेला बाहेरून छोटा आरसा अर्ध्या मिनिटापुरता लावून पाहिला. त्याने लगेच कल्ले फुगवले आणि अंगाचा रंग गडद केला. मात्र आरसा काढल्यावर थोडा वेळ त्या जागी फेऱ्या मारून तो पुन्हा आपल्या नेहमीच्या पानाशी गेला. आरसा काढल्यानंतरचे हे वागणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पर फुलवणे हा बेट्टाचा धर्मच आहे, त्यावरून काही ठरवता येत नाही. प्रतिस्पर्धी नाहीसा झाल्यावरही जो नर तासन्‌तास काचेला धडका देत राहतो, खाणे सोडतो किंवा स्वतःचीच शेपटी कुरतडतो, त्याच्या टाकीत कोणालाही सोडू नये, असे माझे मत आहे. माझा बेट्टा तापट होता, पण शांत होऊ शकणारा होता.

त्यानंतर टाकीचे माप घेतले. माझी टाकी ६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच आहे. गुणाकार केला तर ५४ लिटर भरतात आणि अशी टाकी ५४ लिटरची म्हणूनच ओळखली जाते. परंतु तळाला ४ सेंटीमीटर वाळू आणि वर ४ सेंटीमीटर मोकळी जागा सोडली की पाणी ४० लिटरच्या आतच राहते, आणि लाकूड व दगड ठेवल्यावर ते आणखी कमी होते. वरची मोकळी जागा भरून टाकता येत नाही. बेट्टाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला, लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो आणि त्याच्या साहाय्याने तो पाण्यावर येऊन थेट हवा घेतो. पाणी आणि झाकण यांच्या मधली हवा त्याला उबदार व दमट मिळायला हवी. झाकणही हवेच, कारण बेट्टा चांगली उडी मारतो. म्हणून मी सगळा हिशेब ४० लिटरच्या आतल्या पाण्यावर केला.

माशांच्या लांबीवरून त्यांची संख्या ठरवण्याचे ढोबळ आडाखे पुष्कळ आहेत. मला ते अपुरे वाटतात, कारण त्यांत माशाच्या हद्दीचा आणि त्याच्या पोहण्याच्या थराचा विचार नसतो. बेट्टा जास्तीत जास्त वेळ वरच्या थरात काढतो. तिथे आणखी कोणी आले, तर मासा कितीही छोटा असला तरी भांडण ठरलेलेच. म्हणून सोबती तळाचा किंवा फार तर मधल्या थराचा हवा. लांबीही येथे रुंदी-उंचीपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण ६० सेंटीमीटर लांबीत मधोमध दाट झाडे लावली की टाकीचे एक टोक दुसऱ्या टोकाला दिसत नाही. २० लिटरच्या चौकोनी टाकीत हे साधत नाही. तेवढ्या टाकीत बेट्टाने एकटेच राहावे. फार तर एखादी गोगलगाय असावी.

पाण्याची तपासणी हा भाग लवकर आटोपला, कारण टाकी जुनी आणि स्थिरावलेली होती. टेस्ट किटवर माशांना विषारी असलेले अमोनिया व नायट्राइट शून्य आणि त्यामानाने सौम्य नायट्रेट २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २०) खाली, हे तिन्ही आकडे दर आठवड्याला तसेच येत होते. नवीन टाकीत उपयुक्त जिवाणूंची वाढ होऊन अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट होऊ लागायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. ते होण्याआधी सोबत्यांचा विचारही करू नये. बेट्टा वरून हवा घेत असल्यामुळे खराब पाण्यातही काही काळ तग धरतो आणि पाहणाऱ्याला पाणी ठीक आहे असे वाटत राहते. येणाऱ्या लहान माशांना ती सोय नसते.

मग नकाराची यादी सुरू झाली, आणि ती मला वाटले होते त्यापेक्षा बरीच लांब निघाली. दुसरा नर बेट्टा तर सोडाच, मादीलाही नरासोबत कायम ठेवता येत नाही. पैदाशीपुरते एकत्र आणले तरी अंडी घातल्यावर तिला बाजूला काढावे लागते. गुरामी मासे बेट्टाच्याच कुळातले, तेही वरच्या थरात राहणारे आणि आपली हद्द राखणारे, म्हणून ते बाद. गप्पी शांत असतात, परंतु नर गप्पीची रंगीत, फडफडणारी शेपटी बेट्टाला प्रतिस्पर्ध्यासारखी दिसते आणि तो तिच्यामागे लागतो. टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा यांच्या बाबतीत उलटे घडते. लांब पर दिसले की तेच कुरतडायला धावतात, आणि माझ्या बेट्टाला त्यांच्यापासून पळता आले नसते. गोल्डफिश मोठा होतो, खूप घाण करतो आणि त्याला थंड पाणी मानवते. कॉमन प्लेको लहान असताना आटोपशीर दिसतो खरा, पण तो वाढून ३० सेंटीमीटरच्या पुढे जातो, म्हणजे माझ्या टाकीच्या अर्ध्या लांबीहून मोठा. 'शेवाळ खाणारा मासा' एवढ्या ओळखीवर तो लहान टाक्यांत येतो आणि तिथेच खुरटतो, हे पाहून मला फार वाईट वाटते.

आफ्रिकन बटू बेडकाचाही मी विचार केला होता. तो पूर्णपणे पाण्यातच राहतो आणि बेट्टाच्या वाटेला जात नाही. परंतु त्याची नजर मंद असते आणि खाणे वासाने शोधत तो सावकाश त्याच्यापर्यंत पोहोचतो. तोवर बेट्टाने ते संपवलेले असते. शांतपणे उपाशी राहणारा सोबती मला नको होता.

तापमानाने आणखी काही नावे गळाली. बेट्टाला २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. निऑन टेट्रा त्याहून थोड्या गार पाण्यात जास्त निरोगी राहतो, आणि व्हाइट क्लाउड तर आणखी थंड पाण्यातला मासा. बेट्टा आणि असा मासा या दोघांना 'कसेबसे चालेल' अशा मधल्या तापमानावर टाकी ठेवली, तर दोघेही सतत थोड्या ताणाखाली राहतात आणि अशा माशांना रोग लवकर धरतो. माझा हीटर २५ अंशांवर लावलेला होता. त्या तापमानात आरामात राहणारेच मासे मी पुढच्या यादीत ठेवले.

त्या यादीत शेवटी एंबर टेट्रा, हार्लेक्विन रासबोरा, कुली लोच, ओटोसिंक्लस आणि पिग्मी कोरी एवढी नावे उरली. प्रत्येकाबद्दल मला काही ना काही म्हणायचे आहे. हार्लेक्विन रासबोरा हा बेट्टाचा चांगला सोबती समजला जातो आणि ते खरेही आहे, कारण तो स्वभावाने गरीब असून थव्याने मधल्या थरात राहतो. पण ४ ते ५ सेंटीमीटरच्या या चपळ माशांच्या थव्याला माझ्या टाकीची लांबी थोडी कमी वाटली. एंबर टेट्रा २ सेंटीमीटरचा, नारिंगी, अत्यंत देखणा. त्याच्यावर माझे मन बराच काळ अडून होते. मला शंका होती ती एवढीच, की मधल्या थरात सतत हालचाल झाली तर लांब परांच्या बेट्टाला विसाव्याला शांत कोपरा उरणार नाही. दुसऱ्या एखाद्या बेट्टासाठी मी हाच मासा निवडला असता. कुली लोच रात्री फिरणारा, वाळूत शिरणारा आणि बेट्टाच्या नजरेला क्वचित पडणारा मासा आहे. मात्र तो १० सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि त्यालाही आपल्या जातीची सोबत लागते. ओटोसिंक्लसला पानांवर व लाकडावर साचलेला शेवाळाचा आणि सूक्ष्मजीवांचा थर सतत खायला लागतो. माझ्या टाकीत तो पुरेसा नव्हता, आणि पुष्कळ ओटो नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांतच उपासमारीने जातात.

उरला पिग्मी कोरी. दक्षिण अमेरिकेतला हा चिमुकला कॅटफिश पूर्ण वाढला तरी अडीच सेंटीमीटरच्या आसपास राहतो. अंगावर काळी आडवी रेघ, तोंडाशी इवल्या मिशा, आणि रंग असा साधा की बेट्टाला त्यात प्रतिस्पर्धी दिसण्याचे कारणच नाही. पाठीवरच्या आणि छातीजवळच्या परांना कणखर काटे असतात, ते तो ताठ करून ठेवू शकतो. त्यामुळे त्याला गिळायला जाणारा मासाच अडचणीत येतो. त्याचे खाणे वाळूवर, झोपणे पानांखाली. इतर कोरींपेक्षा तो मधल्या थरातही जरा जास्त येतो, ही एक गोष्ट माझ्या निकषात बसत नव्हती, पण तो तिथे थोडा वेळच थांबतो आणि पुन्हा खाली जातो. हा मासा एक-दोन आणून चालत नाही. सहाहून कमी असले तर ते दबून, लपून राहतात आणि नीट खात नाहीत. मी ८ आणायचे ठरवले.

त्यांच्याआधी मात्र मी दोन झेब्रा नेराइट गोगलगायी सोडल्या. कोणताही मासा आणण्यापूर्वी बेट्टाची परीक्षा गोगलगायीवर घ्यावी, असे मी आवर्जून सांगेन. तिला कवच असते, म्हणजे बेट्टाने हल्ला केला तरी इजा होण्याचा संभव कमी असतो, आणि आपल्या टाकीत परका जीव फिरतो आहे हे त्याला कसे वाटते ते लगेच कळते. नेराइट निवडण्यामागे कारण होते. मिस्टरी गोगलगायीच्या शृंगिका लांब व लवलवत्या असतात. बेट्टाला त्या अळीसारख्या दिसतात आणि तो त्या तोडतो. नेराइटच्या शृंगिका बारीक असतात आणि धोका जाणवताच ती कवच काचेला घट्ट चिकटवून बसते. तिची अंडी गोड्या पाण्यात वाढीला लागत नाहीत, त्यामुळे संख्या हाताबाहेर जात नाही. लाकडावर पांढरे टणक ठिपके मात्र दिसत राहतात आणि ते खरवडून काढावे लागतात. तिच्या कवचासाठी पाणी फार मऊ आणि आम्लयुक्त असून चालत नाही. माझ्या पाण्याचा सामू ७.२ च्या आसपास असतो आणि तो बेट्टालाही मानवतो.

पहिली गोगलगाय काचेवर चढू लागली तेव्हा बेट्टा तिच्यापासून दोन बोटांवर येऊन थांबला. अंग तिरके करून त्याने तिच्याकडे एका डोळ्याने पाहिले, मग दुसऱ्या. कल्ले उघडले, पण अर्धेच. मग पुढे होऊन कवचावर एक टोच मारली. गोगलगाय आत ओढली गेली आणि कवच काचेला टेकले. तो मागे सरकला, पुन्हा टोचले, पुन्हा थांबला. समोरून काहीच होत नाही असे पाहून तो वळला आणि वर हवा घ्यायला गेला. नंतरच्या काही दिवसांत टोचणे विरळ होत गेले आणि पुढे त्याने तिच्याकडे पाहणेच सोडले. त्यानंतरच मी कोरी आणायचे नक्की केले.

कोरी मुख्य टाकीत सोडण्याआधी दोन कामे होती. एक म्हणजे टाकीची मांडणी. तळाला बारीक, गुळगुळीत वाळू आधीपासून होती. धारदार खडी असती तर ती बदलावी लागली असती, कारण कोरी वाळूत तोंड खुपसून खाणे शोधतो आणि धारदार खडीने त्याच्या मिशा झिजतात. लाकडावर जावा फर्न आणि अनुबियास या पाणवनस्पती बांधल्या, मधल्या भागात क्रिप्टोकोरिनच्या झाडांची दाट रांग लावली आणि एका कोपऱ्यात जावा मॉस भरपूर वाढू दिले. पाण्यावर तरंगणारी साल्विनिया टाकीच्या साधारण अर्ध्या भागातच ठेवली, कारण पूर्ण झाकले तर बेट्टाला हवा घ्यायला अडचण होते. तळाशी जायला आणि निघायला दोन्ही बाजूंनी वाट असलेल्या लहान कपारी केल्या. एकाच तोंडाची कपार लपणाऱ्याला आतच कोंडते. फिल्टर स्पंजचाच ठेवला, कारण त्याचा प्रवाह मंद असतो. जोराच्या प्रवाहात लांब परांचा बेट्टा दमून जातो.

दुसरे काम विलगीकरणाचे. नवीन मासे दिसायला ठणठणीत असले तरी त्यांच्यासोबत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे इक, किंवा व्हेल्व्हेटसारखे परजीवी येऊ शकतात. मुख्य टाकीत औषध टाकावे लागले तर आणखी एक अडचण उभी राहते, कारण तांबेयुक्त औषधे गोगलगायी आणि कोळंब्यांना मारतात. म्हणून जुन्या टाकीतला वापरता स्पंज, लहान हीटर आणि थोडी झाडे एवढ्यावर वेगळी टाकी मांडली. विलगीकरण साधारण चार आठवड्यांचे असावे. ते कंटाळवाणे वाटते, परंतु त्याच काळात कोरी कोणते खाणे आवडीने खातात, सगळ्यांची पोटे भरलेली दिसतात का, कोणी मागे पडतो आहे का, हे निवांत पाहता येते. बेट्टाशी गाठ पडण्याआधी ते अंगाने भरलेले आणि धीट असणे मला आवश्यक वाटत होते.

मग कोरींना सोडण्याची वेळ आली. बेट्टाला आधी टाकीतल्याच पाण्याने भरलेल्या झाकणाच्या भांड्यात काढून घेतले. तो नसताना लाकडाची दिशा बदलली आणि दोन-तीन झाडे हलवली. हद्द ही खुणांवर अवलंबून असते. खुणा बदलल्या की परत आलेल्या बेट्टाला टाकी पुन्हा नव्याने ओळखावी लागते आणि त्या वेळात आधीच आत असलेले मासे त्याला घुसखोर वाटण्याची शक्यता कमी होते. कोरींना पाण्याशी हळूहळू जुळवून घेऊ दिले, ते तळाशी पांगून वाळू चाळू लागले, आणि मग संध्याकाळी, त्याचे पोट भरलेले असताना, दिवा मंद करून मी बेट्टाला परत सोडले.

सुरुवातीला त्याने खाली पाहिलेही नाही. आपले पान, आपला कोपरा, फिल्टरमागची जागा तपासत तो फिरत राहिला. खरी गडबड झाली ती कोरीच्या एका सवयीमुळे. कोरीही हवा घेतो, पण बेट्टासारखी डोक्यातल्या अवयवाने नव्हे, तर आतड्याने. तळावर शांत बसलेला कोरी एकाएकी सरळ वर सुटतो, पृष्ठभागाला तोंड लावून हवेचा घोट घेतो आणि तितक्याच वेगाने खाली येतो. पहिल्यांदा एक कोरी असा बेट्टाच्या अगदी शेजारून वर गेला तेव्हा बेट्टा गर्रकन वळला, कल्ले पूर्ण उघडले आणि समोर कोणीच नव्हते. काही सेकंद तो तसाच फुललेला राहिला. तोवर कोरी खाली जाऊन इतरांत मिसळला होता. पुढे एकदा त्याने खालपर्यंत पाठलाग केला. कोरी क्रिप्टोकोरिनच्या देठांत शिरला आणि लांब परांमुळे बेट्टाला त्याच्यामागे जाता आले नाही. दाट झाडांवर घेतलेली सगळी मेहनत त्या एका पाठलागात कारणी लागली.

त्या पहिल्या काळात मी सकाळी आणि दिवा मालवण्यापूर्वी दोन्ही बाजूंची तपासणी करीत असे. कोरींचे पर फाटलेले नाहीत ना, ते सतत एकाच कोपऱ्यात दबून बसत नाहीत ना, श्वास जलद चालत नाही ना. बेट्टाचे पर मिटलेले नाहीत ना, तो काचेजवळ वरखाली अखंड फेऱ्या मारीत नाही ना, खाण्यावर येतो का. थोडा पाठलाग आणि थोडे फुलणे सुरुवातीला होतेच. ते दिवसागणिक कमी होत गेले पाहिजे. वाढत गेले तर थांबून पाहण्यात अर्थ नाही. विलगीकरणाची टाकी मी मोडली नव्हती, कारण तसे काही दिसले असते तर त्याच दिवशी वेगळे करायचे, हे आधीच ठरले होते. वेगळे ठेवण्याची सोय नसेल तर सोबती आणू नये, याबाबत मी ठाम आहे.

भांडणापेक्षा जास्त लक्ष द्यावे लागले ते खाण्याकडे. बेट्टा हावरा असतो. कोरींसाठी तळाला टाकलेली वेफर, म्हणजे माशांच्या खाण्याची बुडणारी चकती, त्याने शोधून काढली आणि तिच्यावर उभा राहून टोचू लागला. ही वेफर त्याच्या पचनाला योग्य नाही आणि जास्त खाल्ले की बेट्टाचे पोट फुगते, पोहणे अवघड होते. मग मी क्रम बदलला. आधी एका टोकाला, तरंगत्या झाडांच्या मोकळ्या जागेत, बेट्टाला त्याचे दाणे एकेक करून द्यायचे. दिवा मालवून टाकी शांत झाल्यावर दुसऱ्या टोकाला, मॉसच्या आडोशाला, बारीक केलेली वेफर कोरींसाठी टाकायची. अंधारात बेट्टा पानावर झोपतो आणि कोरी वासावर खाणे शोधतात. बेट्टाचे पोट पुन्हा नेहमीसारखे दिसू लागले.

सगळे स्थिर झाल्यावर बऱ्याच काळाने तीन अमानो कोळंब्या आणल्या. चेरी कोळंबी मी घेतली नाही. तिचा लाल रंग आणि लहान आकार बेट्टाला खुणावतो, आणि तिची पिल्ले तर त्याचे खाणेच होतात. मॉस भरपूर असेल तर काही जगतात, पण कोणीतरी खाल्ले जाणार हे धरून चालणे माझ्या मनाला पटले नाही. अमानो ५ सेंटीमीटरपर्यंत वाढते, जवळजवळ पारदर्शक असते आणि तिच्या पिल्लांना वाढीसाठी मचूळ पाणी लागत असल्याने संख्या वाढत नाही. मी मुद्दाम पूर्ण वाढीच्या घेतल्या. पाण्यातला बदल कोळंबीला माशापेक्षा जास्त बाधतो. म्हणून बारीक नळीला गाठ मारून टाकीतले पाणी थेंबाथेंबाने त्यांच्या भांड्यात सोडत राहिले आणि मगच त्यांना टाकीत घेतले. कात टाकल्यावर कोळंबीचे अंग काही काळ मऊ असते आणि ती लपून राहते. एकदा वाळूवर पडलेली रिकामी कात बेट्टाने तोंडात धरली, हलवली, थुंकली; ती टाकणारी कोळंबी लाकडाखाली सुरक्षित होती आणि दोन रात्रींनी बाहेर आली.

आता यात आणखी कोणाला घ्यायचे नाही, असे मी ठरवले आहे. वरचा अर्धा भाग बेट्टाचा राहिला पाहिजे आणि आठवड्याला पाव पाणी बदलून नायट्रेट आटोक्यात राहिले पाहिजे. सध्या दोन्ही होते आहे, त्यात भर घातली तर होणार नाही. पुढचा प्रश्न मात्र माझ्या डोळ्यांसमोर आहे. बेट्टाचे आयुष्य साधारण दोन ते चार वर्षांचे असते. माझा बेट्टा आता तरुण राहिलेला नाही आणि कोरी त्याच्यामागेही राहण्याची शक्यता आहे. नवा बेट्टा येईल तेव्हा टाकी कोरींची असेल आणि परका तो असेल. त्याचा स्वभाव मला पुन्हा पहिल्यापासून पाहावा लागेल, आणि तो या माशांना चालवून घेणारा नसेल तर त्याला वेगळ्या टाकीत एकटे ठेवावे लागेल. त्यासाठी विलगीकरणाची छोटी टाकी मी स्पंज आणि हीटरसह चालू ठेवली आहे.